खसखशीएवढ्या मेंदूचं बघणं

नेरूळच्या आमच्या घराला एक लांबट गॅलरी आहे आणि तिला, नवी मुंबईतल्या बहुतेक गॅलऱ्यांना असते तशी, लोखंडी ग्रिल. पाऊस सुरू झाला की संध्याकाळी ट्यूबलाइटवर चिलटं जमतात आणि चिलटांमागोमाग पाल येते. दिवसा पाल दडी मारून बसलेली असते, तेव्हा ग्रिलच्या आडव्या पट्टीवर एक करडा कोळी गस्त घालतो. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. चार पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा चार पावलं.

एकदा कामाच्या मावशींनी त्याच्यावर झाडू उगारला. "काढू का हा? अंगावर मुतला तर फोड येतील."

"राहू द्या मावशी," मी म्हटलं. तशा फोडांचा कोळ्याशी काही संबंध नसतो, पण तो वाद मी घातला नाही, कारण तेवढ्यात कोळ्याने काय केलं ते बघण्यात मी गुंतले. तो पळाला नाही. सगळं अंग गर्रकन फिरवून त्याने तोंड झाडूकडे केलं आणि तो थांबला. मग मावशींकडे वळला, मग माझ्याकडे. माशी असं करत नाही, झुरळ तर नाहीच. ते पळतात. हा आधी बघून घेतो.

आमच्या भागात कोळी म्हटलं की आधी माणसं आठवतात. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव ही शहराच्या आधीपासूनची कोळ्यांची गावं. जाळं टाकणारा तो कोळी आणि जाळं विणणारा तोही कोळी, असा शब्दाचा सरळ हिशेब. ग्रिलवरच्या या प्राण्याने तो मोडला आहे. तो शिकारीसाठी जाळं विणत नाही. धागा त्याच्याकडे असतो, पण तो गिर्यारोहकाच्या दोरीसारखा. उडी मारण्याआधी मागे चिकटवून ठेवायचा, म्हणजे नेम चुकला तरी लोंबकळत परत येता येतं. बाकी सगळी भिस्त डोळ्यांवर. उडी मारणाऱ्या कोळ्यांचं हे कुळ, शास्त्रीय नाव साल्टिसिडी, कोळ्यांमधलं सगळ्यात मोठं कुळ आहे. जगभरात त्याच्या सहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि अजून नव्या सापडतात. पारसिकच्या डोंगरापलीकडे, ठाणे-कल्याण परिसरात अशीच एक सापडली. ध्रुव प्रजापती, जॉन कॅलेब, सोमनाथ कुंभार आणि राजेश सानप यांनी २०२१ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव ठेवलं 'इशियस तुकारामी'. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ कसाबची बंदूक धरून ठेवताना गोळ्या झेललेल्या तुकाराम ओंबळे यांचं ते नाव. काही मिलिमीटरच्या जिवाला एवढ्या मोठ्या माणसाचं नाव का, असं कुणाला वाटलं तर त्याने या कोळ्याला आपल्याहून मोठ्या माशीवर झेप घेताना एकदा बघावं.

मराठीत 'दिसणं' आणि 'बघणं' हे दोन शब्द आहेत आणि आपण ते सहसा चुकत नाही. रस्त्याने जाताना दुकान दिसतं, पण पाटी आपण बघतो. दिसायला काही करावं लागत नाही, बघायला मान वळवावी लागते. आपल्याकडे ही दोन्ही कामं त्याच दोन डोळ्यांवर पडतात. उडी मारणाऱ्या कोळ्यात ती वेगवेगळ्या डोळ्यांना वाटून दिलेली आहेत. त्याचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा. तेवढ्यात तो जे करतो ते जमतं कसं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या वाटणीत आहे.

डोळे आठ. समोरून पाहिलं तर मधले दोन मोठे, गाडीच्या दिव्यांसारखे. त्यांच्या दोन बाजूंना दोन लहान. जरा मागे, डोक्याच्या कडेला दोन अगदी बारीक, बहुतेक जातींमध्ये जवळजवळ निकामी. आणि त्यांच्याही मागे दोन, ज्यांना पाठीमागचं दिसतं. मधली मोठी जोडी सोडली तर बाकीचे डोळे जागचे हलत नाहीत. त्यांचा पल्ला रुंद आहे, सगळे मिळून कोळ्याच्या जवळपास चहूबाजूंचं त्यांना दिसतं, पण बारकावे मोठ्या जोडीइतके नाहीत. त्यांचं मुख्य काम हालचाल टिपणं. काही हललं, की अंग तिकडे वळवायचं आणि मोठी जोडी त्या दिशेला आणायची.

या मोठ्या जोडीची रचना विलक्षण आहे. बाहेरचं भिंग डोक्याच्या कवचाचाच भाग, त्यामुळे ते हलू शकत नाही. भिंगाच्या मागे एक लांब नळी जाते आणि नळीच्या टोकाशी डोळ्याचा पडदा असतो. पडद्याच्या तोंडाशी एक खड्डा आहे आणि तो दुसऱ्या भिंगाचं काम करतो, आलेली प्रतिमा मोठी करतो. म्हणजे ही चक्क दुर्बीण झाली. डी. एस. विल्यम्स आणि पीटर मॅकिन्टायर यांनी १९८० मध्ये पोर्शिया या कोळ्यात ते दाखवून दिलं. पोर्शियाच्या पडद्यावर शेजारी-शेजारी असलेल्या दोन संवेदी पेशींमधला कोन सुमारे ०.०४ अंश भरतो. माणसाचा सुमारे ०.००७. आपली नजर त्याच्यापेक्षा पाच-सहा पट तीक्ष्ण, एवढाच फरक. आपला डोळा २४ मिलिमीटरचा आणि त्याचं सगळं अंग जेमतेम १० मिलिमीटरचं, हे लक्षात घेतलं तर कुणाचं कौतुक करायचं ते ठरवता येईल.

अर्थात दुर्बिणीची किंमत मोजावी लागते. दुर्बिणीतून क्रिकेट बघताना चेंडू हरवतो तो का, हे वानखेडेवर गेलेल्या कुणालाही माहीत असतं. मोठ्या डोळ्याचा पडदा उभट आणि अतिशय अरुंद आहे, मधल्या भागात काही अंशच रुंद. हात लांब करून दोन बोटं डोळ्यांसमोर धरली तर जेवढी जागा झाकली जाईल, साधारण तेवढ्याच रुंदीचं त्याला एका वेळी स्पष्ट दिसतं. आख्खी माशीसुद्धा जवळ आली तर त्या फटीत मावत नाही.

म्हणून तो फट हलवतो. बाहेरचं भिंग हलत नाही, पण आतली नळी हलते. प्रत्येक नळीला सहा स्नायू आहेत. आपल्या डोळ्यालाही सहाच, हा योगायोग मला फार आवडतो. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मायकेल लँड यांनी जिवंत कोळ्याच्या डोळ्यात खास यंत्रातून डोकावून आतले पडदे काय करतात ते पाहिलं आणि १९६९ मध्ये ते मांडलं. समोर नवी वस्तू आली की दोन्ही पडदे झटक्यात तिच्यावर जातात. मग सुरू होतो एक ठरलेला हेलकावा. पडदे वस्तूवरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरतात, सेकंदाला अर्धा-एक फेरा या गतीने. त्याच वेळी ते स्वतःभोवती हळूहळू वळतही राहतात, सुमारे ५० अंशांपर्यंत, एकदा या बाजूला आणि एकदा त्या.

हेलकावा कळतो. वळणं कशासाठी? लँड यांचा अंदाज असा की अरुंद पडदा वळवत नेला तर वेगवेगळ्या कोनांतल्या रेषा सापडतात. रेषा म्हणजे पाय. उडी मारणाऱ्या कोळ्याला समोरच्याविषयी पहिला प्रश्न सोडवायचा असतो तो हा, की हे खायचं आहे की हे आपल्याच जातीचं आहे. याच्या कितीतरी आधी, १९५२ मध्ये, ओस्कार ड्रीस या जर्मन संशोधकाने नर कोळ्यांसमोर साधी चित्रं धरली होती. जाड ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तिरक्या रेषा, लहान मूल काढतं तसा कोळी. नरांनी चित्रासमोर प्रणयाचं नृत्य सुरू केलं. रेषा नसल्या, की तेच चित्र भक्ष्य ठरायचं आणि त्यावर झडप पडायची. हे वाचल्यावर मला हसू आलं, आणि मग थोडं वाईटही वाटलं. दोन-चार रेघोट्यांसाठी एवढं नाचायचं!

रेघांवर भरवसा ठेवणाऱ्याला रेघांनीच फसवता येतं. आंब्याच्या झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. त्यांच्या आसपास हुबेहूब मुंगीसारखा दिसणारा एक उडी मारणारा कोळी राहतो. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे वर धरतो. उरतात सहा, मुंगीचे असतात तेवढेच.

आता मेंदूकडे. कोळ्याचा मेंदू अन्ननलिकेभोवती वेढा घालून बसलेला असतो. जेवण मेंदूच्या मधून जातं म्हटलं तरी चालेल. त्यामुळे कोळी भक्ष्य बाहेरच विरघळवून पातळ करून पितो, घास गिळत नाही. आठ डोळ्यांच्या तारा या एवढ्याशा गाठीत येतात, पण एका रस्त्याने नाही. मार्पिसा मुस्कोसा या युरोपातल्या जातीचा मेंदू २०१७ मध्ये बारकाईने तपासण्यात आला. मोठ्या जोडीची माहिती एकामागून एक दोन ठाण्यांवर थांबून मेंदूच्या मागच्या बाजूला असलेल्या कमानीसारख्या भागात पोचते. कडेच्या डोळ्यांची ठाणी वेगळी, आणि त्यांच्या वाटेवर अळंबीच्या आकाराचे दोन भाग लागतात. ट्रान्सहार्बरची आणि हार्बरची गाडी वेगवेगळ्या रुळांवरून येते आणि दोघी पनवेलकडे जातात, तसं काहीसं. पण दोन्हींची माहिती कुठे तरी एकत्र यायलाच हवी, नाहीतर कडेचा डोळा बोंबलत राहील आणि मोठ्याला पत्ताच नसेल.

ती एकत्र येते का, हे चालू मेंदूत तपासणं फार दिवस जमत नव्हतं, आणि त्याचं कारण गमतीशीर आहे. या कोळ्याची उडी स्नायूंच्या नुसत्या जोरावर होत नाही. पाय सरळ करण्यासाठी तो अंगातल्या द्रवाचा दाब एकदम वाढवतो, जेसीबीचा हात उचलला जातो त्याच तत्त्वावर. आख्खं शरीर म्हणजे दाबाखालचा फुगा. मेंदूपर्यंत सुई न्यायला कवचाला भोक पाडलं की द्रव बाहेर येऊन कोळी मरायचा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गिल मेंडा, रोनाल्ड हॉय आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. भोक इतकं बारीक ठेवायचं की ते सुईभोवती आपोआप बंद व्हावं. २०१४ मध्ये त्यांनी फिडिपस ऑडॅक्स या कोळ्याच्या मेंदूतल्या चेतापेशींची कडकड पहिल्यांदा ऐकवली. कोळ्यासमोर निरनिराळी चित्रं दाखवली, त्यात माशीचं चित्र आलं की काही पेशी खवळून उठत. मग डोळे झाकून पाहिलं. माशीला मिळणारा तो जोरदार प्रतिसाद एकट्या मोठ्या जोडीचा नव्हता, एकट्या कडेच्या डोळ्यांचाही नव्हता. दोन्हींकडून आलेलं जुळून तो तयार होत होता.

दिसणाऱ्या डोळ्यांचा बघणाऱ्यांवर हुकूम किती चालतो, हे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या एलिझाबेथ जेकब यांच्या गटाने तपासलं. कोळ्याला डोक्यावरून एका काडीला चिकटवायचं, अवरक्त प्रकाश त्याच्या अर्धपारदर्शक कवचातून आत सोडायचा आणि त्याच्याच भिंगातून त्याचे पडदे कुठे रोखले आहेत ते टिपायचं. समोरच्या पडद्यावर चित्र, आणि चित्रावर कोळ्याची नजर नेमकी कुठे फिरते त्याचा माग. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं की मोठ्या जोडीच्या शेजारचे दोन डोळे झाकले तर मोठी जोडी हलत्या वस्तूचा पाठलाग करू शकत नाही. वस्तू समोरून सरकून जाते आणि दुर्बीण तिथेच रोखलेली राहते. उघडे असले की तेच डोळे तिला हाताला धरून नेतात. दुसरी गोष्ट आणखी रंजक. कोळी रातकिड्याचं चित्र न्याहाळत असताना बाजूला एक काळा ठिपका मोठा होत आणला, तर पडदे रातकिडा सोडून ठिपक्यावर जात. ठिपका लहान होत गेला, तर सहसा नाही. मोठं होणारं जवळ येत असतं, आणि जवळ येणारं खाऊ शकतं.

इथवर वाटतं की कडेचे डोळे म्हणजे रात्रपाळीचा वॉचमन, काही हललं की घंटी वाजवायची, बस. २०२१ मध्ये मास्सिमो दे आग्रो, डॅनिएला रॉसलर आणि सहकाऱ्यांनी हे चित्र बिघडवलं. त्यांनी निवडलेली जात मेनेमेरस वंशातली होती. आपल्याकडे इमारतींच्या भिंतींवर चपटा, करडा कोळी सर्रास दिसतो, तोही याच वंशातला. कोळ्याला हलत्या गोळ्यावर उभं केलं, पाय तो चालवेल पण जागचा हलणार नाही अशा बेताने, आणि दोन्ही कडांना ठिपके हलवले. एका बाजूला ठिपके जिवंत प्राण्याच्या सांध्यांसारखे लयीत हलत, दुसऱ्या बाजूला विस्कळीत. माणसाला असे दहा-बारा ठिपके दाखवले तर तो लगेच सांगतो, कुणीतरी चालतंय. कोळी जास्त वेळा वळला तो विस्कळीत ठिपक्यांकडे. म्हणजे फरक त्याला कळला होता, तोही वळण्याआधी, कडेच्या डोळ्यांनीच. संशोधकांचा तर्क असा की चालणारा किडा कडेच्या डोळ्याने ओळखला, त्यासाठी मान फिरवायची गरज नाही. जे ओळखता येत नाही, त्याच्याकडे मोठे डोळे न्यायचे. म्हणजे घंटी वाजवण्याआधी वॉचमन आलेल्याचा चेहरा बघतो आणि ओळखीच्याला तसाच सोडतो. आमच्या सोसायटीत याच्या उलट चालतं.

अंतराचा प्रश्न राहिला. उडी मारायची तर माशी किती लांब आहे हे नेमकं हवं. आपण दोन डोळ्यांतल्या प्रतिमांच्या फरकावरून अंतर ताडतो. ओसाका सिटी विद्यापीठातल्या अकिहिसा तेराकिता यांच्या गटाने २०१२ मध्ये याचा छडा लावला तो हॅसेरियस अडॅन्सोनी या कोळ्यावर, आणि हा जवळजवळ घरचाच म्हणायचा. उष्ण प्रदेशांत सगळीकडे माणसाच्या घरात राहतो, मुंबईतही. नर काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याच्या मोठ्या डोळ्यातल्या पडद्यात संवेदी पेशींचे चार थर एकामागे एक आहेत. त्यांतल्या सगळ्यात आतल्या दोन थरांना हिरवा प्रकाश कळतो. पण हिरवी प्रतिमा स्पष्ट उमटते ती एकाच थरावर, अगदी आतल्या. त्याच्या पुढच्या थरावर ती कायम धूसरच. मग हा धूसर थर ठेवला कशाला? वस्तू जितकी जवळ, तितकी धूसरता जास्त. आतला थर सांगतो काय आहे, पुढचा सांगतो किती लांब आहे, आणि मेंदू दोन्ही ताडून पाहतो. तर्क पारखायला त्यांनी कोळ्यांना एकदा फक्त हिरव्या आणि एकदा फक्त लाल उजेडात माशीवर सोडलं. लाल प्रकाश भिंगातून वेगळा वळतो, त्यामुळे धूसरतेचं माप बिघडतं. हिरव्यात उड्या नेमक्या पडल्या, लालमध्ये त्या आखूड पडू लागल्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यात मागचं धूसर करायला आपण हौसेने बटण दाबतो, इथे त्याच धूसरतेवर पोट भरतं. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये या युक्तीवर बेतलेलं अंतर मोजणारं एक चिमुकलं भिंगही तयार झालं.

लहान मेंदूने एवढं करायचं तर वेळ द्यावा लागतो, आणि कोळी तो देतो. पोर्शिया आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या उष्ण भागांत राहते आणि दुसरे कोळी खाते. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या रॉबर्ट जॅक्सन यांनी तिच्यावर कित्येक वर्षं काम केलं. १९९७ मध्ये त्यांनी आणि सहकारी टार्सिटानो यांनी तिला एका खांबावर ठेवलं आणि तिथून भक्ष्य दाखवलं. त्याच्यापर्यंत पोचायचे दोन आडवळणी मार्ग होते, त्यातला एक मध्येच तुटलेला. पोर्शिया बराच वेळ बसून बघत राहिली, मग खाली उतरली. आता भक्ष्य दिसत नव्हतं, तरी ती बहुतेक वेळा पूर्ण असलेल्याच मार्गाला लागली, त्यासाठी भक्ष्याला पाठ करावी लागली तरी. नंतरच्या प्रयोगात टार्सिटानो यांना दिसलं की बसलेली असताना तिची नजर भक्ष्याकडून मार्गावरून मागे मागे सरकत येते आणि तुटलेली जागा लागली की पुन्हा भक्ष्याकडे जाते. अरुंद फटीतून बघणाऱ्याला सगळा नकाशा एकदम दिसत नाही. त्याला तो बोट फिरवत वाचावा लागतो.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं डोकं तर याहून कितीतरी लहान. पण २०१९ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठातल्या अभ्यासकांना आढळलं की फिडिपस ऑडॅक्सच्या पिल्लाच्या डोळ्यात संवेदी पेशींची संख्या पुरी असते, मोठ्याइतकीच. पुढे पेशी वाढत नाहीत, फक्त फुगतात. म्हणजे बारकावे पहिल्या दिवसापासून टिपता येतात, उजेड मात्र जास्त लागतो.

दुसऱ्या एका जातीच्या पिल्लांनी रॉसलर यांना आणखी एक गोष्ट दाखवली. एव्हार्का आर्कुआटा या कोळ्याची पिल्लं रात्री धाग्याला लटकून झोपतात आणि त्यांचं कवच काही दिवस पारदर्शक असतं, त्यामुळे आतल्या डोळ्याच्या नळ्या बाहेरून दिसतात. २०२२ मध्ये त्यांनी रात्रभराचं चित्रण प्रसिद्ध केलं. साधारण पंधरा-वीस मिनिटांनी पाय आक्रसतात, अंगाला झटके येतात आणि त्या नळ्या इकडून तिकडे हलू लागतात. स्वप्नाच्या वेळी आपल्या पापण्यांखाली होतं तसं. रात्र सरत जाते तसे हे झटके लांबत जातात. कोळी काय बघत असेल हे सांगायला कुणी तयार नाही, आणि न सांगण्यातच शहाणपण आहे.

आमच्या ग्रिलवरच्या करड्या कोळ्याच्या डोक्यात असं डोकावता येत नाही, त्याचं कवच गडद आहे. पण काही जाती फिकट हिरव्या, काचेसारख्या अंगाच्या असतात आणि झाडांच्या रुंद पानांच्या खालच्या बाजूला बसतात. एकदा अशी एक गॅलरीतल्या कुंडीतल्या कर्दळीवर होती. साधं भिंग घेतलं, दोन मोठे डोळे सापडले. एक काळा होता, एक फिका, दुधी. मग काळा फिका झाला आणि फिका काळा. आतली नळी ज्या क्षणी आपल्याकडे रोखलेली असते, तेव्हा त्या डोळ्याचा काळा पडदा आपल्याला दिसतो, आणि ती दुसरीकडे वळली की डोळा विझतो. मी भिंग जरा जवळ नेलं. दोन्ही डोळे एकदम काळे झाले.